फळांच्या रसाचे दाबयंत्र : घरासाठी कोणते घ्यावे?

कार्तिक लागला की आपल्याकडील बाजारात आवळ्यांच्या राशी दिसू लागतात. फाल्गुन-चैत्रात नाशिककडील द्राक्षांची लयलूट होते, आणि त्याच सुमारास गोव्यात व तळकोकणात काजूची बोंडे झाडाखाली पडून कुजू लागतात. ज्यांच्या घरी चार माणसे आहेत त्यांना फळ विकत आणून खाण्यापलीकडे विचार करण्याचे कारण नसते. परंतु ज्या घरात एका पंक्तीला पंधरा पाने मांडली जातात, ज्यांच्या परड्यात आवळ्याचे एखादे जुने झाड आहे, अथवा ज्यांचे आप्त बागाईतदार असून दरसाल पेटी-दोन पेट्या द्राक्षे धाडतात, त्यांच्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो की, एवढ्या फळाचे करावयाचे काय? रस काढून ठेवावा, हे उत्तर कोणीही देईल. तो कशाने काढावा, येथे मात्र अडते. विजेच्या मिक्सरात फळ फिरवून फडक्याने पिळले तर पाचदहा शेरांपुरते ठीक. पुढे घरातील बायकांची मनगटे भरून येतात, निम्मा रस चोथ्यात राहतो आणि वर फेस येतो तो निराळाच. म्हणून फळे दाबून रस काढण्याचे घरगुती यंत्र माफक किमतीत घ्यावयाचे झाल्यास काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

दाबून काढलेल्या रसाची थोरवी आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, औषधी तयार करण्याचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांत पहिला मान स्वरसाचा आहे, आणि यंत्राने पिळून काढलेला द्रव्याचा रस तो स्वरस, असेच त्याचे लक्षण तेथे केलेले आहे. काढा, हिम, फांट ही मंडळी त्याच्या मागून येतात. पाश्चात्य देशांत द्राक्षे व जैतुनाची फळे दाबण्यासाठी प्रथम लांबलचक तुळईची तरफ वापरीत असत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने मळसूत्राच्या दाबयंत्राचा उल्लेख त्या काळातील नवी सुधारणा म्हणून केलेला आढळतो. पुढे १४५० च्या सुमारास गुटेनबर्गने मेंझ शहरी छापखाना काढला, तेव्हा त्याच्या छापयंत्राचे मूळही द्राक्षांच्या याच दाबयंत्रात होते असे मानले जाते. म्हणजे वाचकांच्या हातातील हे मासिक आणि द्राक्षांचा रस ही एका परीने चुलत भावंडेच म्हणावयाची!

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते मात्र एका पत्रामुळे. आमचे एक पुतणे सहकुटुंब इंग्लंडात असतात. त्यांनी विकत घेतलेल्या घरामागे ब्रॅम्ली जातीच्या सफरचंदाचे एक मोठे झाड आहे. ही जात आंबट, शिजवून खाण्याची. नॉटिंगहॅमशायरातील साउथवेल गावी १८०९ साली लावलेल्या एका बीपासून तिचा उगम झाला. तर या झाडाला एका हंगामात सत्तर-ऐंशी किलो फळ येते. “ती. काकांस सा. न. वि. वि.” असा मायना घालून चिरंजीवांनी लिहिले होते की, शेजारीपाजारी सारे सायडर करितात, दुकानांत नाना प्रकारची दाबयंत्रे मिळतात, मुलांसाठी रस करावा अशी सूनबाईंची इच्छा आहे, तरी यांपैकी कोणते घ्यावे हे कळवावे. पत्राचे उत्तर लिहिता लिहिता आमच्या ध्यानात आले की, तोच प्रश्न थोड्या फरकाने नाशिकच्या व रत्नागिरीच्या गृहस्थालाही पडणारा आहे.

प्रथम मळसूत्राचे गणित पाहू, कारण दुकानदार ज्याची जाहिरात करितो त्याचा आणि या गणिताचा फारसा संबंध नसतो. यंत्राच्या दांड्याची लांबी ४० सेंटिमीटर आहे असे धरा. दांडा एकदा पुरा फिरविला म्हणजे हात सुमारे २५१ सेंटिमीटर चालतो. दोन आट्यांमधील अंतर ४ मिलिमीटर असेल, तर तेवढ्या फेऱ्यात वरची तबकडी अवघी ४ मिलिमीटर खाली उतरते. म्हणजे हाताचा जोर सुमारे ६२८ पट वाढतो. वीस किलो भाराइतका जोर लाविला तर हिशेबाने साडेबारा हजार किलो झाले. पण मळसूत्रात घर्षण फार, त्यातील चार पंचमांश तेच गिळते असे समजावे. तरी अडीच हजार किलो उरतात. आता हा भार ज्या पिंजऱ्यावर पडतो त्याचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, आणि दर चौरस सेंटिमीटरला दाब आठ किलो. पिंजऱ्याचा व्यास ३० सेंटिमीटर केला की क्षेत्रफळ ७०७ होते आणि तोच दाब साडेतीन किलोवर येतो.

यातले मर्म आपल्या घरातील कोणतीही सुगरण जाणते. चकलीचा सोऱ्या अरुंद का असतो? तो परातीएवढा रुंद केला तर भीमसेनालाही त्यातून चकली पाडता येणार नाही. दाबयंत्राचेही तसेच आहे. मोठे यंत्र म्हणजे अधिक रस, असे समजून जो गृहस्थ मोठ्यात मोठा पिंजरा उचलून आणतो, तो अधिक पैसे देऊन कमी दाब विकत घेतो. मोठ्या पिंजऱ्याला त्या मानाने जाड मळसूत्र, लांब दांडा आणि भक्कम चौकट असेल तरच तो उपयोगाचा. आणि तसे यंत्र स्वस्त नसते. शिवाय मोठा पिंजरा अर्धाच भरला तर तबकडी तळाशी पोचण्याआधी मळसूत्र संपते, मग वरून लाकडी ठोकळे रचीत बसावे लागते. आमचा स्पष्ट अभिप्राय असा की, घरासाठी सहा ते बारा लिटरांचा पिंजरा पुरे. वीस सेंटिमीटर व्यासाचा व तितक्याच उंचीचा पिंजरा सुमारे सहा लिटरांचा होतो, पंचवीस सेंटिमीटरांचा बारा लिटरांचा. बारा लिटरांच्या पिंजऱ्यात दहा-अकरा किलो ठेचलेली सफरचंदे बसतात आणि त्यांतून पाच-सहा लिटर रस मिळतो. आमच्या पुतण्याची ऐंशी किलो फळे सात-आठ घाण्यांत, एका रविवारी दिवसभरात आटोपतात.

येथे एक गोष्ट सांगावयास हवी, जी यंत्र विकणारे बहुधा सांगत नाहीत. दाबयंत्र फळ फोडीत नाही. ते फक्त फुटलेल्या फळातील रस बाहेर ढकलते. अख्खी किंवा नुसती चिरलेली सफरचंदे पिंजऱ्यात घालून कितीही जोर केला तरी पेलाभर रस निघेल आणि दांडा वाकेल. सफरचंद कठीण फळ आहे, त्याचा जाडसर भरड्यासारखा लगदा अगोदर झाला पाहिजे. त्यासाठी पाश्चात्य देशांत निराळी चक्की विकत मिळते आणि पुष्कळदा तिची किंमत दाबयंत्राएवढीच असते. तेव्हा किंमत विचारताना दोहोंची मिळून विचारावी. ज्याला चक्की परवडत नाही त्याने फळे रात्रभर बर्फपेटीत गोठवून सकाळी वितळू द्यावी. गोठताना फळातील पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फुटतात आणि फळ आपोआप मऊ पडते. हा उपाय थोड्या फळांना उत्तम, पण ऐंशी किलोंना एवढी बर्फपेटी कोठून आणावयाची?

आपल्याकडील फळांत द्राक्षे सर्वांत सोयीची. त्यांना चक्की नको. स्वच्छ हातांनी परातीत चुरडली की झाले. बाजारात येणारी बहुतेक द्राक्षे बिनबियांची असतात; परंतु काळी बियांची द्राक्षे असतील तर बी फुटणार नाही अशा बेताने चुरडावी, कारण फुटलेल्या बीने रस कडवट तुरट होतो. आवळ्याची आठळी दगडासारखी असल्यामुळे आवळे किसून किंवा वाफवून फोडी सुट्या करून, आठळ्या काढून मगच पिंजऱ्यात घालावे. जांभळांचेही बी काढावे. काजूच्या बोंडांना तर हे यंत्र जणू बेतूनच केले आहे. गोव्यात पूर्वी बोंडे दगडी कुंडीत पायांनी तुडवीत, आणि तो रस फेणीसाठी जाई; उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलींनी आवळून त्यावर धोंडा ठेवीत आणि जो निर्मळ रस थेंब थेंब गळे त्याला नीरो म्हणत. नीरो ताजाच पिण्याची चाल आहे. आता तेथेही पुष्कळ ठिकाणी धोंड्याची जागा मळसूत्राच्या पिंजऱ्याने घेतली आहे. डाळिंबाचे दाणे सोलून दाबावे. सालीसकट दाबल्यास कडूपणा उतरतो. आंब्याच्या वाटेस मात्र या यंत्राने जाऊ नये. त्याचा गर फडक्याच्या छिद्रांत बसून सारे तुंबते. त्याला आपले पुरणयंत्रच बरे. आणि कोकमाला यंत्राची मुळीच गरज नाही. सालीवर साखर घालून बरणी उन्हात ठेवली की साखरच रस ओढून बाहेर काढते. अमृतकोकम हे बिनयंत्राचे दाबकाम आहे.

आता यंत्राच्या धातूविषयी, आणि येथे आम्ही वाचकांस थोडे थांबविणार आहो, कारण हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. अठराव्या शतकात इंग्लंडातील डेव्हन प्रांती सायडर पिणाऱ्या लोकांत एका भयंकर पोटशूळाची साथ वर्षानुवर्षे चालू होती. पोटात मुरडा, हातपाय लुळे पडणे, कित्येकांना मृत्यू, असा तिचा प्रकार. लोक म्हणत, सायडरच आंबट म्हणून बाधते. १७६७ साली जॉर्ज बेकर नावाच्या वैद्याने निबंध लिहून दाखवून दिले की, दोष सायडरचा नसून शिशाचा आहे. डेव्हनमध्ये फळे चिरडण्याच्या दगडी चाकांच्या सांध्यांत शिसे ओतीत, कित्येक ठिकाणी दाबयंत्राला शिशाचा पत्रा मारीत. हेरफर्डशायरात सायडर तितकेच होई, पण यंत्रांत शिसे नसे आणि तेथे हा रोगही नव्हता. आंबट रस शिसे विरघळवून घेई आणि माणसे ते घोटाघोटाने पीत. बेकर स्वतः डेव्हनचाच. त्यामुळे सायडरवर पोट असणाऱ्या त्याच्या प्रांतबंधूंना हे मुळीच रुचले नाही. परंतु शिसे गेले तसा रोगही हटला.

आपल्याकडे आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेच्या भांड्यात ठेवू नये हे आजीबाईंपासून सर्वांस ठाऊक आहे. तोच नियम येथे लावावा. पितळ व तांबे रसाला लागू देऊ नये. तांब्याने आवळ्यातील क जीवनसत्त्व लवकर नष्ट होते, हे आणखी एक कारण. कल्हईचा भरवसा धरावा तर कथलात शिसे मिसळलेले नाही याची खात्री कोण देणार? जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आंबट रसाने खाल्ला जातो, म्हणून तोही नको. ॲल्युमिनियमची हातयंत्रे आपल्या बाजारात स्वस्त मिळतात, टेबलाच्या कडेला आवळून बसविता येतात. संत्रीमोसंबीचा रस काढून तत्काळ दुसऱ्या भांड्यात ओतावयाचा असेल तर ती चालतील, पण आवळ्याचा रस त्यांत रेंगाळू देऊ नये. ओतीव लोखंडाने रस विषारी होत नाही, पण काळा पडतो. विळीवर चिरलेला आवळा काळा का पडतो? हिरडा आणि हिराकस यांपासून आपले पूर्वज शाई करीत. आवळ्यातील तुरट द्रव्य आणि लोखंड यांपासून होते ती तीच शाई. स्वस्त यंत्रांत तळाची थाळी लोखंडाची असून तिच्यावर तांबडा रंग दिलेला असतो. नवेपणी ती शोभून दिसते. दोन हंगामांत रंगाचे कपचे उडतात आणि ते रसात येतात. थाळी व तबकडी स्टेनलेस पोलादाची आणि पिंजरा कठीण लाकडाच्या पट्ट्यांचा किंवा त्याच पोलादाचा असेल, असे यंत्र पाहून घ्यावे. यासाठी थोडे अधिक मोजावे लागले तरी मोजावे. काटकसर रंगात, चकाकीत, आकारात करावी.

मळसूत्र पिंजऱ्याच्या मधून जाते की वरून येते, तेही पाहावे. बऱ्याच यंत्रांत ते तळापासून मधोमध वर आलेले असते, म्हणजे लगद्यात उभे असते. त्याला जे वंगण लावाल ते रसात उतरणार. गाडीचे वंगण त्याला लावणे हा शुद्ध अविचार होय. खोबरेल तेलाचे बोट पुरते. वरून उतरणाऱ्या मळसूत्राला ही अडचण नाही, परंतु त्याची चौकट अधिक भक्कम लागते. यंत्राच्या पायांना जमिनीत किंवा फळीवर बसविण्यासाठी भोके असावी. नसतील तर दांड्याबरोबर सारे यंत्रच फिरू लागते आणि घरातील दोन मुले फळीवर बसवावी लागतात. मुलांना ते काम फार आवडते, हे आम्ही मान्य करितो.

हल्ली पाश्चात्य देशांत एक निराळा प्रकार निघाला आहे. छिद्रांच्या पोलादी नळकांड्यात मधोमध रबराची पिशवी असते; नळाची पाइपनळी जोडून तीत पाणी सोडले की ती फुगते आणि सभोवारचा लगदा बाहेरच्या बाजूस दाबते. मनगटाला श्रम नाहीत, थर पातळ असल्यामुळे थोड्या दाबातही रस चांगला निघतो, आणि इंग्लंडातील सरकारी नळाला त्यापुरता जोर असतो. किंमत मात्र साध्या यंत्राच्या कित्येक पट. आपल्याकडे ते घेऊन यावे असे ज्यांना वाटेल त्यांनी एक हिशेब करावा. दहा मीटर उंचीवरील पाण्याच्या टाकीने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. आपल्या दुमजली घराच्या गच्चीवरील टाकी तळमजल्यावर तेवढाही देणार नाही.

ज्यांना हातचे काम करण्याची हौस आहे ते मोटारीच्या तेलाच्या जॅकने स्वतःच यंत्र उभारतात. लाकडाच्या किंवा लोखंडी तुळयांच्या चौकटीत फडक्यात गुंडाळलेल्या लगद्याचे थर, मध्ये लाकडी जाळ्या, आणि वरून जॅकचा दाब, अशी रचना असते. सायडरच्या मुलुखातील जुनी शेतकरी पद्धत ती हीच, फक्त तेव्हा जॅकऐवजी मळसूत्र असे आणि फडक्याऐवजी पेंढा. सहा टनांच्या जॅकने ३० सेंटिमीटर चौरसावर दर चौरस सेंटिमीटरला साडेसहा किलोंहून अधिक दाब येतो, म्हणजे खर्चाच्या मानाने ही रचना सर्वांत बलवान ठरते. परंतु सहा टन म्हणजे भरलेला ट्रक. ते जिने सहन करावयाचे ती चौकट कोणा उत्साही भाच्याने चार खिळ्यांनी ठोकलेली नसावी. जाड तुळया, आरपार बोल्ट, आणि जॅकखाली थेंब झेलणारी थाळी, कारण जॅकमधील तेल पोटात जाण्याजोगे नसते. मुलांना जवळ उभे करू नये. या तीन अटी पाळणे ज्यांना जमेल त्यांनीच या मार्गाने जावे.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर ते अवश्य घ्यावे असे आमचे मत आहे. पट्ट्या कुजलेल्या असल्या तरी घाबरू नये, त्या कोणताही सुतार बदलून देईल. आटे झिजलेले आहेत काय आणि ओतीव भागाला बारीक चीर आहे काय, एवढेच निरखून पाहावे. हे दोन दोष असले तर ते यंत्र फुकटही नको.

विकत घेण्यापूर्वी खर्चाचा हिशेब लिटरांत मांडावा. समजा यंत्र आठ हजार रुपयांना पडले, दहा वर्षे टिकले आणि दरसाल चाळीस लिटर रस दिला, तर लिटरमागे वीस रुपये यंत्राचे झाले. त्यात फळाची किंमत व आपले श्रम मिळवा. दरसाल दहाच लिटर काढणार असाल तर लिटरमागे ऐंशी रुपये! वर्षाला पंधरा किलोंच्या आत फळ येणाऱ्या घराने हे यंत्र घेऊ नये. त्यांना श्रीखंडाच्या चक्क्याची युक्ती पुरे: लगदा मजबूत फडक्यात बांधून उतरत्या पाटावर ठेवावा, वर दुसरा पाट आणि त्यावर जात्याची तळी. रात्रभरात पुष्कळसा रस परातीत उतरतो. आणि ज्या आळीत चारसहा घरांना फळ येते त्यांनी वर्गणीने एकच यंत्र घ्यावे. कुरडयांचा मोठा सोऱ्या जसा उन्हाळ्यात घरोघर फिरतो तसे तेही फिरेल. इंग्लंडात कित्येक गावी असे सामायिक यंत्र असते आणि ठरल्या दिवशी लोक आपापली फळे घेऊन तेथे जातात. आमच्या पुतण्यास आम्ही प्रथम हेच सुचविले की, आधी एक हंगाम तेथे जाऊन काम पाहा, मग पैसे घाला.

एक गोष्ट पुरुष वाचकांसाठी. यंत्र निवडतो पुरुष आणि धुते स्त्री, असा अनेक घरांचा शिरस्ता आहे. रस काढावयास दोन तास लागले तर पट्ट्यांच्या फटींतील चोथा काढण्यास एक तास लागतो. फडके, जाळी, थाळीचा गळा, प्रत्येक भाग वेगळा होतो काय, त्यात हात जातो काय, पिंजरा उचलण्याइतका हलका आहे काय, हे घरातील ज्या काकू किंवा वहिनी ते काम करणार त्यांनाच दुकानात नेऊन पाहू द्यावे. माळ्यावर धूळ खात पडलेली जी यंत्रे आम्ही पाहिली त्यांतील बहुतेक चालविण्यास कठीण नव्हती, धुण्यास कठीण होती.

आता रसाविषयी थोडे. सफरचंदाचा रस म्हटला की सायडर हा शब्द येतो, आणि त्यावरून घोटाळा होतो. अमेरिकेत नुसत्या गाळीव नसलेल्या ताज्या रसालाही सायडर म्हणतात. इंग्लंडात त्या शब्दाचा अर्थ आंबवलेला, मद्यार्क असलेला रस असाच आहे. फळांच्या सालीवर किण्व स्वभावतःच असते, म्हणून ताजा रस उघडा ठेवला की दोनतीन दिवसांत तो स्वतःच फसफसू लागतो. आपल्या वैद्यकातील द्राक्षासवाची जातकुळी तीच. त्यात धायटीची फुले घालतात ती हे काम नीट चालावे म्हणून. इंग्लंडात स्वतःच्या घरापुरते असे पेय करण्यास परवाना लागत नाही. अमेरिकेत मध्यवर्ती कायद्याप्रमाणे दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलनपर्यंत मुभा आहे, घटकराज्यांचे नियम निराळे. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्यावाचून घरी द्राक्षांची मदिरा करणे हा गुन्हा होय. नाशिककडे जे मद्याचे कारखाने आहेत ते रीतसर परवान्यांवर चालतात. त्यांचे पाहून कोणी घरी पिंपे मांडू नयेत. कायदा बाजूस ठेवला तरी आम्हांस सर्व घराला, आजोबांपासून नातवापर्यंत, एकाच पंक्तीत घेता येणारा रसच अधिक प्रिय आहे. इतरांचे मत निराळे असेल.

रस टिकवावयाचा तर तो तापवावा लागतो. पाश्चरने १८६६ साली मद्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सौम्य उष्णतेने रोगजंतूंचा व किण्वांचा नाश कसा होतो ते दाखविले, आणि तेव्हापासून हीच रीत चालू आहे. रस बाटल्यांत भरून त्या पाण्याच्या पातेल्यात, तळाशी फडके घालून, उभ्या कराव्या. बाटलीतील रसाची उष्णता ७५ अंश सेल्सियसवर आली म्हणजे ती वीस मिनिटे तेथेच राखावी व मग झाकण घट्ट करावे. उष्णतामापक अवश्य बाळगावा. अदमासाने हे काम करू नये. न तापविलेला रस घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत घरच्या उष्णतेत ठेवणे तर सर्वथा वर्ज्य. आत वायू जमून बाटली बंदुकीच्या बाराप्रमाणे फुटते आणि काचा डोळ्यांत जातात. न तापविलेल्या रसाचा दुसरा धोका याहून वाईट आहे. १९९६ साली अमेरिकेत न तापविलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जातीचे विषारी जंतू पसरले, पुष्कळ मुले आजारी पडली आणि एक तान्ही मुलगी दगावली. जमिनीवर पडलेले, गुराढोरांचा संसर्ग झालेले फळ न धुता दाबले की असा प्रसंग ओढवतो. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्या पुढे न तापविलेला रस ठेवूच नये.

कुजक्या फळाविषयी पुष्कळांचा समज असा की, रस काढावयाचाच तर नासके थोडे गेले म्हणून काय बिघडले? बिघडते ते असे. कुजलेल्या सफरचंदातील बुरशी पॅट्युलिन नावाचे विष तयार करिते आणि ते तापविल्याने जात नाही. रसात त्याचे प्रमाण किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. डाग पडलेले फळ कापून टाकावे, कुजलेले फळ सबंध टाकावे. आवळा, द्राक्षे यांनाही आम्ही हाच नियम लावतो.

दाबताना घाई उपयोगी नाही. दांडा जोराने फिरविला की कडेचा लगदा घट्ट होऊन मधला रस अडकतो, आणि फडके फाटते. एक फेरा द्यावा, धार थांबेपर्यंत थांबावे, पुन्हा अर्धा फेरा द्यावा. पंचवीस मिनिटांत एक घाणा, या बेताने चालावे. फडके फार दाट विणीचे असू नये. नवे सुती कापड असेल तर दोनदा उकळून त्यातील खळ काढून टाकावी, नाहीतर पहिल्या रसाला तिची चव येते. पहिला घाणा झाल्यावर चोथा मोकळा करून थोडा चुरडून पुन्हा दाबला तर आणखी पेलादोन पेले निघतात. आवळ्याचा चोथा मीठ व जिरेपूड लावून उन्हात वाळविला म्हणजे मुखशुद्धीला उत्तम होतो. द्राक्षांचा व सफरचंदांचा खतात घालावा.

काम संपताच, रस चिकटून वाळण्यापूर्वी, सारे भाग गार पाण्याने व मग कढत पाण्याने धुवावे. लाकडी पट्ट्या उन्हात ठेवू नयेत, तडकतात. वाऱ्यावर सावलीत दोन दिवस वाळू द्याव्या. हंगामाच्या आदल्या रात्री त्या पाण्यात भिजत घालाव्या, म्हणजे फुगून सांधे घट्ट बसतात. मळसूत्राला खोबरेल तेल लावून जुन्या धोतराचे फडके गुंडाळावे, आणि त्याची चाकी व खिळे निराळ्या डब्यात घालून डब्यावर नाव लिहून ठेवावे, कारण पुढच्या कार्तिकात ते कोठे ठेवले होते हे घरात कोणालाच आठवत नाही.